गाडीवरचा कस, रानातला कस

बेळगावात आमच्या वडगावच्या गल्लीत सकाळी कचऱ्याची गाडी येते तेव्हा भोंग्यावर कन्नडातून पुकारा चालू असतो: हसी कस वेगळा, ओण कस वेगळा. हसी म्हणजे ओला, ओण म्हणजे सुका आणि कस म्हणजे केर. सीमाभागात वाढलेल्या माणसाच्या कानात मात्र हा शब्द दोनदा वाजतो. ‘रानात कस राहिला नाही’ म्हणतात, तोही कसच. एका भाषेत टाकून द्यायची वस्तू, दुसरीत जमिनीची ताकद. या दोन शब्दांचं काही नातं नसेलही. पण पहिल्या कसाचा दुसरा कस कसा होतो हे बघायला मला गुऱ्हाळाइतकी चांगली जागा दुसरी माहीत नाही.

मामाचं गुऱ्हाळ निपाणीच्या अलीकडं आहे. घाण्यातनं रस एका बाजूला पडतो, चिपाड दुसऱ्या. चिपाड उन्हात वाळलं की चुलवाणात जातं. जळव्या तोंडाशी बसून ते मुठीमुठीनं सारत असतो. वर काहिलीत रस तापतो. त्यात भेंडीच्या खोडाचा चीक घातला की रसातली घाण त्याला धरून फेसाबरोबर वर येते. ती मळी झाऱ्यानं काढायची आणि शेणखताच्या खड्ड्यात टाकायची. चुलवाणातली राख रानात. टनभर उसाचा शंभर-सव्वाशे किलो गूळ होतो आणि त्याला बाहेरून लाकूडफाटा सहसा लागत नाही. मी एकदा विचारलं, “मामा, इथला कचरा कुठं टाकता?”

“गुऱ्हाळात कचरा कुठला आलाय, बाळा? ह्या पुड्या तेवढ्या हैत बघ,” म्हणून त्यांनी पायानं गुटख्याच्या चार-पाच रिकाम्या पुड्या एकत्र केल्या. त्या पुड्यांकडं नंतर येऊ.

हे जमतं कसं? साखरेचा रेणू कार्बन, हायड्रोजन आणि ऑक्सिजन या तिघांचाच असतो. कार्बन हवेतनं आलेला, हायड्रोजन पाण्यातनं. जमिनीतनं येणारं नत्र, स्फुरद, पालाश (नायट्रोजन, फॉस्फरस, पोटॅशियम) यांचा त्यात कणही नाही. म्हणजे साखरेचं पोतं दिल्लीला गेलं तर आपल्या रानातनं हवा आणि पाणी गेलं, माती गेली नाही! गुळाबरोबर मात्र काही क्षार जातात. जमिनीनं उसाला जे दिलं त्यातलं बरंचसं पाला, चिपाड, मळी आणि राख यांत उरतं. ते परत नेलं तर रान फारसं झिजत नाही. चक्रीय अर्थव्यवस्था असं भारदस्त नाव जिला आहे, ती तत्त्वतः एवढीच.

संकेश्वर, चिकोडी, अथणी भागातल्या साखर कारखान्यांत हाच हिशेब मोठ्या आकड्यांत चालतो. टनभर उसामागं साधारण १०० ते ११५ किलो साखर, २८० ते ३०० किलो बगॅस (म्हणजे चिपाडच, त्यात निम्मं पाणी), ३० ते ४० किलो प्रेसमड (रस गाळून उरलेला गाळ) आणि ४० ते ४५ किलो मळी. ही मळी गुऱ्हाळातल्या मळीहून वेगळी; हा काळा, दाट पाक, ज्यातली साखर आता दाणा धरत नाही. बगॅस बॉयलरमध्ये जातो, त्याच्या वाफेवर कारखाना चालतो आणि उरलेली वीज विकली जाते. प्रेसमडचं खत होतं.

खरी गंमत पालाशची. रानातनं उसात आलेलं पालाश रसाबरोबर बाहेर पडतं, साखर ते घेत नाही, म्हणून ते मळीत साठतं. मळीचं अल्कोहोल करतात, यीस्ट साखर खातं, पालाश पुन्हा मागंच राहतं. ते जातं स्पेंटवॉशमध्ये. हे तपकिरी, उग्र वासाचं पाणी लिटरभर अल्कोहोलमागं आठ-दहा लिटर निघतं, आणि ते ओढ्यात गेलं तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. आता ते आटवून खास बॉयलरमध्ये जाळतात. त्या राखेपासून बनलेल्या खतात किमान १४.५ टक्के पालाश असावं लागतं आणि २०२१ पासून केंद्राच्या खत अनुदानात त्याचा समावेश आहे. भारत पालाशयुक्त खत जवळजवळ सगळं कॅनडा, रशिया अशा देशांतून आणतो. आपल्याच उसातनं निघालेलं पालाश ओढ्याला सोडून परक्याचं विकत घ्यायचं, हा व्यवहार आम्ही कित्येक वर्षं केला.

आणि पाचट, म्हणजे तोडणीनंतर रानात उरलेला वाळका पाला, पेटवायचा व्यवहार अजून चालू आहे. आगीत पालाश, स्फुरद राखेत टिकतं, पण नत्र वायू होऊन उडून जातं आणि मातीत जाणारा कार्बनही. एक काडी, आणि पुढच्या महिन्यात युरियाची गोणी!

आता उद्यमबाग, आमच्याकडची कारखान्यांची वसाहत. बेळगावातल्या फाउंड्र्यांत बीड, म्हणजे ओतीव लोखंड, ओततात, ते बरंचसं भंगार वितळवूनच. साचा असतो वाळूचा. तिला बांधून धरायला बेंटोनाइट माती, थोडी कोळशाची भुकटी आणि पाणी. चौदाशे अंशांच्या आसपासचा रस आत पडला की धातूला लागलेली माती ‘मरते’, म्हणजे तिच्यातलं पाणी कायमचं जातं आणि ती पुन्हा चिकटत नाही. बाकीची वाळू चाळून, नवी माती घालून परत साच्यात. असे कितीतरी फेरे होतात. पण ओतीव वस्तूत पोकळी राहावी म्हणून साच्यात बसवलेल्या गाभ्याची वाळू रेझिननं, म्हणजे डिंकासारख्या रसायनानं, बांधलेली असते; ती जास्त प्रमाणात तिच्यात मिसळली की घोटाळा. ते रेझिन जाळून काढायला वाळू सहा-सातशे अंशांवर भाजावी लागते.

मीठ पाण्यात टाकलं तर आपोआप विरघळतं. परत काढायला पाणी आटवावं लागतं, जळण लागतं. मिसळणं फुकट असतं, निवडणं नाही. उष्मागतिकीचा हा नियम गुऱ्हाळाला, फाउंड्रीला आणि आमच्या गल्लीला सारखाच लागू. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा ठेवायला सांगितलं, ते हा निवडण्याचा खर्च टाळण्यासाठी. चहाचा चोथा, भाजीची देठं, कागद-प्लास्टिक आणि संपलेला सेल एका पिशवीत गेले की सेल खताला बाद करतो आणि चोथा कागद-प्लास्टिकला. मग ते सगळं ढिगात. ढिगाच्या पोटात हवा नसते, तिथले जिवाणू मिथेन सोडतात. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या साधारण २८ पट तापवतो. बेळगावचा कचरा जातो तुरमुरीला. पिशवीला गाठ आमच्या ओट्याशी बसते, वास तुरमुरीकरांना येतो.

मामाच्या पायाशी होत्या त्या पुड्या म्हणजे मिसळण्याचं टोक. प्लास्टिक, अ‍ॅल्युमिनियमचा अतिपातळ थर, परत प्लास्टिक, सगळं एकमेकांना डकवलेलं. जुनं अ‍ॅल्युमिनियम वितळवायला नवं बनवण्याच्या जेमतेम पाच टक्के ऊर्जा लागते, म्हणून भंगारवाला जुनं पातेलं आनंदानं घेतो. पुडीला तो हात लावत नाही. थर सोडवायचा खर्च आतल्या धातूहून मोठा. ही वस्तू कारखान्यातनं निघतानाच न निवडता येण्यासारखी केलेली आहे, आणि गल्लीनं कितीही बादल्या ठेवल्या तरी त्याला इलाज नाही.

तरी मी घरी ओल्या कचऱ्याचं खत करायला बादली ठेवलीय. पहिल्या महिन्यात ती इतकी वास मारायला लागली की शेजारच्या काकूंनी खिडकी लावून घेतली. कारण साधं होतं: नुसत्या ओल्या कचऱ्यात नत्र जास्त, कार्बन कमी. जिवाणूंना एका भाग नत्राला पंचवीस-तीस भाग कार्बन लागतो. तो नसला की जादा नत्र अमोनिया होऊन नाकात येतं. मामाकडनं पोतंभर चिपाड आणलं, चिरडून थरांत घातलं, वास आठवड्यात गेला. परवा खत चाळलं. काळं, भुसभुशीत, पावसाच्या मातीसारखा वास. चाळणीवर लिंबाच्या चार बिया आणि शाम्पूच्या पुडीचा एक फाटका कोपरा राहिला. बिया परत बादलीत टाकल्या. कोपऱ्याचा निळा रंगसुद्धा उडाला नव्हता.