रॉक व पॉप संगीतातील दिनविशेष

रॉक व पॉप संगीताच्या इतिहासातील जन्म, मृत्यू, ध्वनिमुद्रण, प्रकाशन, मैफल, प्रक्षेपण इत्यादी घटनांच्या तारखा वर्षानुक्रमाऐवजी महिना आणि दिवस यांच्या क्रमाने लावण्याची, तसेच त्या तारखांना धरून स्मरण, पुनर्प्रकाशन किंवा उत्सव करण्याची प्रथा. वर्तमानपत्रांतील ‘दिनविशेष’ या सदरामुळे मराठी वाचकाला ही मांडणी परिचित आहे. इंदुरातील मराठी घरांत कालगणना दुहेरी चालते. श्राद्धपक्ष, व्रते आणि संतांच्या पुण्यतिथ्या तिथीने पाळल्या जातात, तर गायक-संगीतकारांचे स्मरण इंग्रजी तारखेने होते. रॉक-पॉपचे दिनविशेष या दुसऱ्या पद्धतीत सहज बसतात. मात्र त्यांतली प्रत्येक तारीख कोणी, कशाच्या आधारे आणि घटनेनंतर किती वर्षांनी ठरवली, हे तपासून पाहणे आवश्यक असते.

हे संगीत ध्वनिमुद्रणाच्या उद्योगाबरोबर वाढले आणि त्याचा इतिहास बऱ्याच अंशी दफ्तरी नोंदींत राहिला. ग्वाल्हेरला ज्याची समाधी आहे त्या तानसेनाच्या निधनाचे वर्षदेखील वादग्रस्त आहे; उलट बीटल्स या ब्रिटिश चमूचे कोणते गीत कोणत्या दिवशी आणि कितव्या प्रयत्नात मुद्रित झाले, हे स्टुडिओच्या कागदपत्रांवरून सांगता येते. त्यांच्या ‘ॲबी रोड’ या ध्वनिमुद्रिकेच्या वेष्टनावरील, रस्ता ओलांडणाऱ्या चौघांचे छायाचित्र 8 ऑगस्ट 1969 रोजी सकाळी साडेअकराच्या सुमारास घेतले गेले, आणि आजही दर 8 ऑगस्टला चाहते लंडनमधील त्याच पट्ट्यांवर जमतात.

नोंद नेमकी असली म्हणजे तिचा अर्थही निश्चित असतो, असे नाही. रॉक अँड रोलचा ‘जन्मदिवस’ हे त्याचे ठळक उदाहरण होय. एल्विस प्रेस्लीने 5 जुलै 1954 रोजी मेंफिस येथील सन स्टुडिओत आपले पहिले व्यावसायिक गीत मुद्रित केले, आणि 2004 मध्ये त्या शहराने हाच दिवस धरून रॉक अँड रोलचा सुवर्णमहोत्सव साजरा केला. परंतु बिल हेलीने ‘रॉक अराउंड द क्लॉक’ त्याआधीच, 12 एप्रिल 1954 रोजी न्यूयॉर्कमध्ये मुद्रित केले होते. ते अमेरिकी क्रमवारीत पहिल्या स्थानी पोहोचले जुलै 1955 मध्ये, त्यामुळे काही लेखक रॉकयुगाचा आरंभ तेथून मोजतात. त्याहूनही आधी, मार्च 1951 मध्ये, मेंफिसमध्येच आणि सन स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्स याच्या त्याच जागेत जॅकी ब्रेन्स्टनच्या नावावरील ‘रॉकेट 88’ मुद्रित झाले होते. 1954 चा आग्रह धरल्याने कृष्णवर्णीय वादक-गायकांची ‘रिदम अँड ब्लूज’ या संगीतप्रकारातील आधीची कामगिरी प्रस्तावनेत ढकलली जाते. तारखेची निवड ही अशा ठिकाणी इतिहासाविषयीची भूमिकाच असते, आणि जन्मदिवस म्हणून 5 जुलैचा दावा त्या मानाने दुबळा आहे.

प्रकाशनाच्या तारखांचा घोळ वेगळ्या प्रकारचा आहे. बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर्स लोनली हार्ट्स क्लब बँड’ या ध्वनिमुद्रिकेच्या प्रकाशनाचा दिवस 1 जून 1967 असा जाहीर झाला होता. प्रत्यक्षात ब्रिटनमधील दुकानांत ती 26 मेपासूनच विकली जाऊ लागली. पन्नास वर्षांनी तिची नवी आवृत्ती 26 मे 2017 रोजी काढण्यात आली, तरी बहुतेक दिनविशेषांत 1 जून ही तारीख कायम आहे. शिवाय नव्या ध्वनिमुद्रिका ब्रिटनमध्ये बराच काळ सोमवारी आणि अमेरिकेत मंगळवारी येत असत. जगभर शुक्रवार हा एकच दिवस 10 जुलै 2015 पासून ठरला. त्याआधीच्या एकाच ध्वनिमुद्रिकेला दोन-तीन ‘वाढदिवस’ असू शकतात, ते यामुळे.

मृत्युदिनांची नोंद बिनचूक असावी अशी अपेक्षा असते, पण तेथेही अडचणी आहेत. बीटल्समधील जॉन लेननवर न्यूयॉर्कमध्ये 8 डिसेंबर 1980 रोजी रात्री अकराच्या आत गोळ्या झाडल्या गेल्या आणि थोड्याच वेळात त्याला मृत घोषित करण्यात आले. त्या क्षणी इंदुरात 9 डिसेंबरची सकाळ उजाडून साडेनऊ वाजत आले होते, आणि खुद्द त्याच्या जन्मगावी, लिव्हरपूलमध्येही तारीख बदललेली होती. पाळली जाते ती 8 डिसेंबर, म्हणजे घटनास्थळाची तारीख, आणि हा संकेत योग्यच आहे. तो सोडला तर प्रत्येक देशाला स्वतंत्र पुण्यतिथी पाळावी लागेल. ‘निर्वाणा’ या अमेरिकी चमूचा गायक कर्ट कोबेन याचा मृतदेह 8 एप्रिल 1994 रोजी सापडला, परंतु वैद्यकीय तपासणीवरून मृत्यूची तारीख 5 एप्रिल ठरवली गेली. म्हणून बातमीचा दिवस एक आणि स्मरणाचा दिवस दुसरा, अशी स्थिती झाली.

कधी दिवसाला नाव फार उशिरा मिळते. 3 फेब्रुवारी 1959 रोजी आयोवा राज्यातील क्लिअर लेकजवळ एक छोटे विमान कोसळून बडी हॉली (22), रिची व्हॅलेन्स (17) आणि ‘बिग बॉपर’ या नावाने ओळखला जाणारा जे. पी. रिचर्डसन (28) हे तिघे गायक व वैमानिक मरण पावले. ‘संगीत मेले तो दिवस’ ही या दिवसाची ओळख 1971 साली डॉन मॅक्लीनच्या एका दीर्घ गीतातून रूढ झाली. आज ही घटना ज्या नावाने ओळखली जाते ते असे बारा वर्षांनंतरचे आहे.

योगायोगांचे आकर्षण हा या प्रथेचा दुबळा भाग आहे. 16 ऑगस्ट या दिवशी ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन (1938), एल्विस प्रेस्ली (1977) आणि अरिथा फ्रँकलिन (2018) यांचे निधन झाले, यात वर्षाला तीनशे पासष्टच दिवस असतात यापलीकडे काही नाही. वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी मरण पावलेल्या कलावंतांच्या तथाकथित मंडळात जिमी हेंड्रिक्स (18 सप्टेंबर 1970), जॅनिस जॉप्लिन (4 ऑक्टोबर 1970), जिम मॉरिसन (3 जुलै 1971), कोबेन आणि एमी वाइनहाउस (23 जुलै 2011) यांची नावे घेतली जातात. 2011 मध्ये एका ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सत्ताविसाव्या वर्षी मृत्यूचा धोका वाढल्याचे आढळले नाही; विशी आणि तिशीतील प्रसिद्ध संगीतकारांचा मृत्युदर मात्र सर्वसाधारण लोकांपेक्षा अधिक दिसला. दुसरा निष्कर्ष अधिक गंभीर असूनही दिनविशेषांत पहिलीच कथा फिरत राहते.

इंदूरच्या वाचकाला 4 ऑगस्ट ही तारीख विशेष वाटेल. 1929 मध्ये त्या दिवशी खांडव्यात किशोरकुमारचा जन्म झाला. पुढे तो इंदूरच्या ख्रिश्चन कॉलेजात शिकला, आणि तेथील उपाहारगृहाच्या उधारीच्या आख्यायिका शहरात अजून चवीने सांगितल्या जातात. 1958 मध्ये त्याच तारखेला अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’ साप्ताहिकाची शंभर गीतांची क्रमवारी सुरू झाली आणि रिकी नेल्सनचे गीत तिच्यात पहिले आले. लुई आर्मस्ट्राँगचा जन्मही 4 ऑगस्टचाच (1901), परंतु हे त्याला स्वतःला ठाऊक नव्हते. तो आयुष्यभर आपली जन्मतारीख 4 जुलै 1900, म्हणजे अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन, अशी सांगत आला. बाप्तिस्म्याची नोंद त्याच्या मृत्यूनंतर उजेडात आली. आर्मस्ट्राँग जॅझचा असला तरी या इतिहासाबाहेरचा नाही, कारण मे 1964 मध्ये बीटल्सना अमेरिकी क्रमवारीच्या शिखरावरून खाली आणणारा गायक तोच, वयाच्या बासष्टाव्या वर्षी.

मैफलींच्या तारखांपैकी 1 ऑगस्ट मराठी वाचकाला आधीच लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी म्हणून पाठ असते. 1971 साली त्या दिवशी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये ‘कॉन्सर्ट फॉर बांगलादेश’ झाली. पूर्व बंगालमधील निर्वासितांसाठी काही करावे ही रविशंकरांची इच्छा होती, आणि बीटल्समधील जॉर्ज हॅरिसनने बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन, रिंगो स्टार प्रभृतींना जमवून दुपारी व रात्री असे दोन कार्यक्रम केले. आरंभी रविशंकर, अलीअकबर खाँ आणि अल्लारखाँ वाद्ये जुळवून घेत असतानाच श्रोत्यांनी टाळ्यांचा कडकडाट केला, तेव्हा जुळवणी इतकी आवडली असेल तर वादन त्याहून आवडेल, अशी मिस्कील आशा रविशंकरांनी व्यक्त केली. 13 जुलै 1985 रोजी लंडन व फिलाडेल्फिया येथे एकाच वेळी झालेल्या ‘लाइव्ह एड’ या मदतनिधीच्या मैफलीचा पूर्वज हाच कार्यक्रम होय. 1971 च्या या मैफलीनंतर बरोबर दहा वर्षांनी, 1 ऑगस्ट 1981 रोजी, अमेरिकेत ‘एमटीव्ही’ ही वाहिनी सुरू झाली. वुडस्टॉक महोत्सव 15 ऑगस्ट 1969 रोजी सुरू झाला आणि रविशंकरांनी त्या पहिल्याच रात्री पावसात सतार वाजवली. जाहीर झालेले तीन दिवस उलटून गेल्यावर हेंड्रिक्सचे वादन सोमवारी, 18 तारखेच्या सकाळी झाले. दिनविशेषांत ‘15 ते 17’ आणि ‘15 ते 18’ असे दोन्ही उल्लेख आढळतात ते यामुळे.

मध्य प्रदेशाशी धागा असलेली आणखी एक तारीख 4 फेब्रुवारी आहे. जबलपूरशी ज्यांचे नाते होते त्या महर्षी महेश योगींच्या ऋषिकेश येथील आश्रमात बीटल्स फेब्रुवारी 1968 मध्ये गेले. त्याच महिन्याच्या 4 तारखेला, निघण्यापूर्वी, त्यांनी ‘जय गुरु देव’ हे शब्द असलेले ‘अक्रॉस द युनिव्हर्स’ हे गीत लंडनमध्ये मुद्रित करण्यास घेतले होते. चाळीस वर्षांनी, 4 फेब्रुवारी 2008 रोजी, ‘नासा’ने ते गीत ध्रुवताऱ्याच्या दिशेने अवकाशात प्रक्षेपित केले आणि दुसऱ्याच दिवशी महर्षींचे निधन झाले. महाराष्ट्राशी असाच संबंध ‘क्वीन’ या ब्रिटिश चमूचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा आहे. त्याचा जन्म 5 सप्टेंबर 1946 रोजी झांझिबारमध्ये पारशी कुटुंबात झाला, पण शालेय शिक्षण पाचगणीच्या वसतिगृहात झाले आणि त्याचा पहिला वाद्यवृंदही तेथेच जमला.

क्रमवारी आणि रेडिओ यांनी तारखांना आठवड्याची लय दिली. ब्रिटनमधील पहिली विक्री-क्रमवारी 14 नोव्हेंबर 1952 रोजी छापली गेली. त्यानंतर तीनच आठवड्यांत, डिसेंबरात, रेडिओ सिलोनवरून अमीन सयानींची ‘बिनाका गीतमाला’ सुरू झाली, जिच्यासाठी बुधवारची संध्याकाळ राखून ठेवणारी पिढी इंदुरातही होती. 4 ऑक्टोबर 2001 रोजी ‘रेडिओ मिर्ची’ या खासगी वाहिनीचे पहिले केंद्र मुंबई-दिल्लीऐवजी इंदुरात सुरू झाले, हे शहराबाहेर फारसे कोणाच्या लक्षात नसते.

पन्नासाव्या आणि साठाव्या वर्षांना जे विशेष महत्त्व येते, त्यामागे भावनेइतकाच कायदाही आहे. युरोपात ध्वनिमुद्रणाचे हक्क पन्नास वर्षे टिकत. युरोपीय संघाच्या 2011 च्या निर्देशाने ही मुदत सत्तर झाली, पण पन्नास वर्षांत प्रकाशितच न झालेल्या मुद्रणांना तिचा लाभ नव्हता. म्हणून 2012 च्या अखेरीस बॉब डिलनची जुनी, अप्रकाशित मुद्रणे सुमारे शंभरच प्रतींत युरोपात काढण्यात आली. उद्देश विक्रीचा नव्हता, हक्क राखण्याचा होता. बीटल्सचे पहिले गीत 5 ऑक्टोबर 1962 रोजी प्रकाशित झाले होते, आणि वाढीव मुदत प्रत्यक्ष लागू होण्याआधीच त्याची पन्नास वर्षे भरल्याने ते तेथे संरक्षणाबाहेर गेले. भारतात ही मुदत प्रकाशनानंतरच्या वर्षारंभापासून साठ वर्षे आहे.

इंदुरात संगीताचा सर्वांत मोठा दिनविशेष 28 सप्टेंबर होय. लता मंगेशकर यांचा जन्म 1929 मध्ये त्या दिवशी याच शहरात झाला आणि मध्य प्रदेश शासनाने 1984 मध्ये त्यांच्या नावाने सुरू केलेला राष्ट्रीय सन्मान येथेच प्रदान केला जातो. 13 फेब्रुवारी (1974) हा इंदूर घराण्याच्या अमीर खाँसाहेबांचा स्मृतिदिन शास्त्रीय संगीताचे श्रोते पाळतात. त्या तुलनेत लेनन वा हेंड्रिक्स यांच्यासाठी सभागृह क्वचितच घेतले जाते. त्यांचे दिवस महाविद्यालयीन वाद्यवृंद, गिटार शिकवणारे वर्ग आणि रेडिओ निवेदक यांच्याकडे राहिले आहेत. लताबाईंचे निधन 6 फेब्रुवारी 2022 रोजी झाले, आणि 6 फेब्रुवारी (1945) हा जमैकाच्या बॉब मार्लेचा जन्मदिवस असल्याने आता या तारखेच्या सदरात दोन्ही नावे शेजारी छापली जातात. 2029 मध्ये किशोरकुमार आणि लताबाई या दोघांचीही जन्मशताब्दी आठ आठवड्यांच्या अंतराने येत आहे.