साखरेबरोबर मीठ कशाला?

जुलाब लागलेल्या लेकराला साखर-मीठ-पाणी पाजायचं, हे घरोघरी ठाऊक आहे. लिटरभर उकळून गार केलेलं पाणी, चहाचे सहा सपाट चमचे साखर, त्याच चमच्याने अर्धा सपाट चमचा मीठ. साखर ताकदीसाठी आणि मीठ अंगातून गेलेलं भरून काढायला, असं बहुतेक जण सांगतात. ते चूक नाही, पण अर्धंच आहे. पटकीच्या, म्हणजे कॉलऱ्याच्या, रोग्याला नुसतं मिठाचं पाणी पाजलं तर त्यातलं फारच थोडं शोषलं जातं. साखर पडली की तेच पाणी अंगी लागतं. असं का होतं, हे समजायला आतड्याच्या एका पेशीत डोकवावं लागतं.

रक्तात लिटरमागे सुमारे 140 मिलिमोल सोडियम असतं, पेशीच्या आत जेमतेम दहा-पंधरा. मोकळं सोडलं तर बाहेरचं सोडियम आत घुसून ही तफावत मिटवेल. ती टिकते, कारण पेशीच्या रक्ताकडच्या अंगाला एक प्रथिन अखंड उपसा करत असतं. त्याचं नाव सोडियम-पोटॅशियम पंप. आतून तीन सोडियम आयन त्याच्या खोबणीत बसतात. पेशीचं इंधन असलेल्या एटीपीचा एक रेणू तुटतो आणि त्यातला फॉस्फेट प्रथिनाला चिकटतो. त्यासरशी प्रथिन आपला आकार बदलतं, आतलं तोंड मिटतं, बाहेरचं उघडतं आणि सोडियम बाहेर सुटतं. रिकाम्या जागेत दोन पोटॅशियम येऊन बसतात, फॉस्फेट गळून पडतो, प्रथिन पुन्हा आतल्या बाजूला उघडतं. एका एटीपीत तीन बाहेर, दोन आत. सेकंदाला कितीतरी वेळा हे घडतं, तुम्ही झोपलेले असतानासुद्धा.

हा पंप सापडला तो खेकड्याच्या पायात. डेन्मार्कमधल्या ऑर्हूस इथे येन्स स्कौ यांनी खेकड्याच्या पायांतल्या नसा वाटून घेतल्या आणि पाहिलं, की त्यातलं एक विकर (एन्झाइम) सोडियम आणि पोटॅशियम दोन्ही असली तरच एटीपी झपाट्याने तोडतं. हे 1957 सालचं. नोबेल मिळायला 1997 उजाडलं.

आता साखर. आतड्याच्या पोकळीकडच्या बाजूला दुसरं एक प्रथिन असतं. ते दोन सोडियम आणि एक ग्लुकोज अशी जोडीनेच आत घेतं. ते स्वतः एटीपी तोडत नाही. विहिरीची मोट आठवा: बैलांची सगळी ताकद पाणी वर थारोळ्यात आणण्यात खर्च होते, पुढे पाटातून ते उताराने आपसूक शेतापर्यंत जातं. पंपाने सोडियम उपसून असाच उतार तयार केलेला असतो. सोडियम त्या उताराने आत येतं आणि येताना ग्लुकोजला सोबत ओढून आणतं, मग आत ग्लुकोज आधीच जास्त का असेना. सोडियम आणि ग्लुकोजच्या मागोमाग पाणी येतं. ही जोडीची कल्पना रॉबर्ट क्रेन यांनी 1960 मध्ये प्राग इथे मांडली.

पटकीचं विष पेशींना क्लोराइड आणि पाणी बाहेर ओतायला लावतं, पण या जोडीच्या दाराला हात लावत नाही. माणसं वाचली ती या दारातून. 1971 मध्ये बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या, पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या छावणीत पटकी पसरली. तिथल्या इस्पितळात जमिनीवरही रोगी पडले होते आणि शिरेतून द्यायचं सलाईन संपत आलं होतं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खायचा सोडा आणि ग्लुकोज यांचं द्रावण पिंपांत भरून ठेवलं आणि रोग्यांच्या नातेवाइकांना ते पाजायला सांगितलं. आधी शंभरातले तीसेक दगावत होते, तिथे चारांपेक्षा कमी दगावले. हे वाचताना मला दर वेळी त्या नातेवाइकांचेच हात दिसतात, पेल्यामागून पेला भरणारे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2002 पासूनच्या पाकिटात सोडियम आणि ग्लुकोज दोन्ही लिटरमागे 75 मिलिमोल, अगदी बरोबरीने असतात. म्हणून घरी करताना लेकराला आवडतं म्हणून साखरेचा जादा चमचा घालू नका. न शोषलेली साखर आतड्यातच राहते आणि अंगातलं पाणी उलट तिकडे खेचते. जुलाब मग वाढतात.