जुन्या प्रवासी गाड्यांचे नूतनीकरण

बरीच वर्षे धावलेली प्रवासी गाडी मोडीत न काढता तिचा सांगाडा, चाके, यंत्रणा आणि आतली सोय पुन्हा कामाजोगी करणे, याला नूतनीकरण म्हणतात. नेहमीच्या देखभालीपेक्षा हे काम वेगळे. देखभालीत डबा मूळ स्थितीत टिकवायचा असतो. नूतनीकरणात त्याला बांधणीच्या वेळी नसलेल्या गोष्टी द्याव्या लागतात: स्वयंचलित दारे, मैला रुळांवर न सोडणारी शौचालये, चाकाच्या खुर्चीसाठी जागा, आगीला दाद न देणारे आतले साहित्य.

हे शक्य होते कारण डब्याचे सगळे भाग एका वेगाने म्हातारे होत नाहीत. ब्रेकचे ठोकळे काही महिन्यांत झिजतात, आसनांचा फोम काही वर्षांत बसतो, तारांचे आवरण दोन-तीन दशकांत ठिसूळ होते. सांगाडा मात्र नीट जपला तर तीस-चाळीस वर्षे सहज काढतो. इलेक्ट्रॉनिक नियंत्रण यंत्रणेची गोष्ट आणखी निराळी: ती बिघडण्याआधीच तिचे सुटे भाग बनणे बंद होते आणि धडधाकट गाडी एका सर्किट-पट्टीसाठी अडून बसते.

वर्कशॉपमध्ये आलेला डबा आधी धुतात, मग बॉडी उचलून बोगींवरून, म्हणजे चाके बसवलेल्या खालच्या चौकटींवरून, सुटी करतात. बोगी, चाकजोड्या, ब्रेक, कपलिंग आणि आतले सामान आपापल्या विभागात जाते. बोगी पूर्ण सोडवून तिच्या चौकटीला तडे गेले आहेत का ते पाहतात, स्प्रिंगा दाबून तपासतात. अक्षाच्या पोटातल्या भेगा डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून अल्ट्रासोनिक तपासणी होते. झिजलेले चाक लेथवर चढवून त्याची कड आणि धाव, म्हणजे रुळावर टेकणारा भाग, पुन्हा मूळ आकारात कातली जाते. इथे मापाची शिस्त कडक असते. भारतीय रेल्वेत एका अक्षावरच्या दोन चाकांच्या व्यासात ०.५ मिलिमीटर, एका बोगीत ५ मिलिमीटर आणि पूर्ण डब्यात १३ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक चालत नाही. चाकाकडे एवढे बारकाईने का पाहायचे, हे ३ जून १९९८ रोजी जर्मनीत एशेडे इथे दिसले. आयसीई या अतिवेगवान गाडीच्या एका चाकावरचे बाहेरचे पोलादी कडे धातूच्या थकव्याने तुटले आणि १०१ माणसे दगावली.

तरीही डब्याचे आयुष्य बहुतेक वेळा चाकांवर नव्हे, गंजावर ठरते. साध्या पोलादाच्या डब्यात पाणी जिथे साचते तिथे तो धरतो: खिडक्यांखाली, दारांच्या उंबऱ्यापाशी, बाजूची भिंत खाली वळून लाद्यांखालच्या चौकटीला मिळते त्या कोपऱ्यात. सर्वांत वाईट जागा शौचालयाच्या आसपासची. तिथे रोजचे पाणी, साबण आणि मूत्र झिरपत राहते आणि खालचा पत्रा आतून खाल्ला जातो. बाहेरून फक्त रंगाला फुगवटा आलेला दिसतो. त्यावर हातोडी मारली की धड पत्रा खणखणतो, खाल्लेला पत्रा मात्र बद्द वाजतो. मग लाद्या उखडल्या जातात, सडलेला भाग धड धातू लागेपर्यंत कापला जातो आणि नवा पत्रा वेल्ड होतो. किती कापावे लागेल याचा अंदाज लाद्या उघडेपर्यंत कोणालाच नसतो. नूतनीकरणाची वेळापत्रके कोलमडतात ती बहुधा इथेच, नव्या आसनांपाशी नाही. प्रवाशाला मात्र नवी आसनेच दिसतात.

धातू बदलला की हिशेबही बदलतो. कॅनडात टोरांटो ते व्हँकुव्हर धावणाऱ्या ‘द कॅनेडियन’ गाडीचे स्टेनलेस स्टीलचे डबे अमेरिकेतल्या बड कंपनीने १९५४-५५ मध्ये बांधले. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांची वाफेवरची उष्णता-व्यवस्था काढून वीज बसवण्यात आली आणि ते पुढे धावत राहिले. लंडनच्या भुयारी रेल्वेच्या डिस्ट्रिक्ट मार्गावर १९८० पासून धावलेल्या ‘डी’ गाड्या २०१७ मध्ये निवृत्त झाल्या, पण त्यांची अॅल्युमिनियमची बॉडी शाबूत होती. त्यांतल्या काही नव्या यंत्रणेसह पुन्हा रुळांवर आल्या. आइल ऑफ वाइट बेटावर त्यांनी ज्यांची जागा घेतली त्या गाड्याही लंडनच्याच भुयारी रेल्वेतून आलेल्या, १९३८ च्या होत्या!

आतल्या बदलांमागे प्रवाशाची सोय असते, तशी एखादी दुर्घटना किंवा कायदाही असतो. १८ नोव्हेंबर १९८७ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकातल्या सरकत्या जिन्याला आग लागून ३१ जण मेले. त्यानंतर भुयारी रेल्वेत अग्निसुरक्षेचे नियम कडक झाले आणि १९९० च्या दशकात जुन्या गाड्यांमधले ज्वलनशील साहित्य काढून टाकण्यात आले. जुन्या डब्यांतले अॅस्बेस्टॉस, म्हणजे श्वासातून गेल्यास घातक ठरणारे तंतुमय खनिज, हे असेच एक ओझे. उष्णता आणि आवाज अडवण्यासाठी ते भिंतींच्या पोटात फवारलेले असे. अशा डब्याची भिंत उघडण्याआधी कामगारांच्या श्वासाची काळजी घ्यावी लागते, त्यामुळे खर्च आणि वेळ दोन्ही वाढतात.

नूतनीकरणाची ताकद आणि मर्यादा दोन्ही ब्रिटनच्या हायस्पीड ट्रेनमध्ये, म्हणजे एचएसटीत, दिसतात. १९७६ मध्ये सेवेत आलेल्या ताशी २०० किलोमीटर वेगाच्या या गाडीची मूळ डिझेल इंजिने पुढे बदलली गेली आणि आतली रचनाही वेळोवेळी नवी झाली. तिची दारे जुन्या पद्धतीची: उतरणाऱ्याने खिडकीची काच खाली करायची, हात बाहेर काढायचा आणि बाहेरची मूठ फिरवायची. १ जानेवारी २०२० पासून ब्रिटनमध्ये अपंग प्रवाशांसाठीचे सुगम्यतेचे नियम लागू झाले. स्कॉटलंडमध्ये वापरायच्या गाड्यांना यंत्रचलित सरकती दारे आणि मैला साठवणाऱ्या टाक्या बसवण्यात आल्या. त्यांतलीच एक गाडी १२ ऑगस्ट २०२० रोजी कारमाँट इथे, पावसाने रुळांवर वाहून आलेल्या मातीदगडांवर चढून घसरली, तिघे मेले. चौकशी अहवालात म्हटले होते की गाडी आधुनिक टक्करसुरक्षा मानकांनुसार बांधलेली असती तर परिणाम कमी गंभीर होण्याची शक्यता अधिक होती. दारे, इंजिन, शौचालय बदलता येते. धडकेचा जोर पचवणारी मूळ रचना पन्नास वर्षांपूर्वीच्या सांगाड्यात मागाहून घालता येत नाही.

भारतात हे काम ठरलेल्या पायऱ्यांनी चालते. मेल-एक्स्प्रेसच्या डब्यांची पीओएच, म्हणजे नियतकालिक पूर्ण दुरुस्ती, साधारण १८ महिन्यांनी होते. चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीत १९५५ पासून बांधल्या गेलेल्या आयसीएफ डब्यांचे ठरीव आयुष्य २५ वर्षांचे. त्याच्या मध्यावर डबा पार उघडून गंजलेला भाग, तारा आणि आतले सामान बदलतात. याला मध्यायुष्य पुनर्वसन म्हणतात, आणि त्यासाठी भोपाळला निशातपुरा इथे स्वतंत्र कारखाना आहे. आयसीएफ रचनेच्या डब्यांची बांधणी २०१८ मध्ये थांबली. त्यांची जागा एलएचबी या जर्मन रचनेचे स्टेनलेस स्टीलचे डबे घेत आहेत.

माणसे वाहून नेण्याची मुदत संपलेला प्रत्येक आयसीएफ डबा लगेच भंगारात जात नाही. काहींची आसने आणि पंखे काढतात, खिडक्या-दारे पत्र्याने बंद करतात आणि टोकाच्या भिंतीत रुंद दरवाजे काढतात. मग त्याच डब्यांतून कारखान्यातून निघालेल्या नव्या मोटारगाड्या जातात. एका टोकाने आत शिरवलेली मोटार डब्यामागून डबे ओलांडत आपल्या जागेपर्यंत चालवत नेतात.