गाव विद्युतीकृत, पण घरं?

‘गाव विद्युतीकृत झालं, म्हणजे तिथल्या प्रत्येक घरात वीज पोचली.’ हा समज होणं साहजिक आहे, पण सरकारी व्याख्या तसं म्हणत नाही. १९९७ पर्यंत महसुली हद्दीत कुठेही, अगदी एका शेतपंपाला वीज असली तरी गाव विद्युतीकृत धरलं जाई. २००४ पासून दलित वस्तीसह वस्तीत डीपी (ट्रान्सफॉर्मर) आणि तारा, शाळा-पंचायतीत वीज आणि किमान १० टक्के घरांत जोडणी, एवढं लागतं. म्हणजे ९० टक्के घरं अंधारात असली तरी गाव यादीत बसू शकतं. दूरचा पाडा यात दिसतच नाही, हा मला अन्याय वाटतो. नंतर घरोघरी जोडण्यांच्या योजना आल्या; तरीही पडताळा घ्यावा. ग्रामपंचायतीच्या घरपट्टी नोंदीतली घरं आणि प्रत्यक्षातले मीटर वाडीनिहाय मोजा. संध्याकाळी वीज किती तास टिकते, तेही पाड्यावरच्या बायकांनाच विचारा.