सिंहासन

सिंहासन : राजाचे, देवतेचे किंवा धर्मपीठाच्या अधिपतीचे अधिकारदर्शक आसन. तख्त, मसनद, गादी हे याच अर्थाचे इतर शब्द. सिंहांच्या आकृतींनी पेललेले आसन ते सिंहासन. वेरूळच्या जैन लेण्यांत तीर्थंकरांच्या बैठकीखाली हे सिंह आजही दिसतात.

इंग्रजी ‘थ्रोन’ ग्रीक ‘थ्रोनोस’वरून, लॅटिन व फ्रेंचमार्गे आला. मराठवाड्यात रुळलेले शब्द मात्र मांडी घालून बसणाऱ्यांचे आहेत. ‘तख्त’ फारसी, त्याचा भाऊबंद ‘तख्ता’ म्हणजे फळी, आणि त्यातूनच आपला तक्ता व जुन्या वाड्यांच्या छताची तक्तपोशी. ‘मसनद’ अरबी, म्हणजे टेकायची जागा. ‘सनद’ही त्याच धातूची. ‘राजपाट’मधला पाट तर जेवायला बसायच्या पाटाचाच सोयरा. आसफजाही राजवटीची राजधानी १७६३ साली औरंगाबादहून हैदराबादला गेली. तिथल्या चौमहल्ला राजवाड्यातले निजामाचे ‘तख्त-ए-निशान’ म्हणजे संगमरवरी चौथरा. निजाम बसे तो त्यावरच्या गादीवर.

मराठवाड्यात सिंहासन म्हटले की आधी तुळजापूर आठवते. तुळजाभवानीची मूर्ती चल आहे, म्हणजे जागेवरून हलवता येते. वर्षातून तीनदा देवी सिंहासनावरून उतरून पलंगावर निद्रा घेते : घोरनिद्रा, श्रमनिद्रा आणि मोहनिद्रा. दसऱ्याच्या सीमोल्लंघनासाठी पालखी बुऱ्हाणनगरहून येते. सीमोल्लंघन झाले की देवीची श्रमनिद्रा सुरू होते आणि कोजागरीला ती पुन्हा सिंहासनावर येते. दही-दुधाच्या अभिषेकाची जी पूजा भाविक नाव नोंदवून करतात, तिचे नावही ‘सिंहासन पूजा’च. रिकाम्या सिंहासनाला इतका अर्थ असणारे दुसरे ठिकाण या भागात नसावे.

नांदेडला तख्त हा शब्द खुद्द स्थळाचेच नाव होतो. गुरू गोविंदसिंगांचे १७०८ मध्ये तिथे निर्वाण झाले. तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब हे शिखांच्या पाच तख्तांपैकी, म्हणजे सर्वोच्च धर्मपीठांपैकी, एक. आपल्यानंतर ग्रंथ हाच गुरू, असे त्यांनी इथेच सांगितले. तेव्हा इथल्या तख्तावर कोणी माणूस बसत नाही.

वीरशैव परंपरेत काशीपीठाला ‘ज्ञानसिंहासन’ व रंभापुरीपीठाला ‘वीरसिंहासन’ म्हणतात. लातूर-नांदेडकडच्या मठांत नवे शिवाचार्य गादीवर येतात तो विधी म्हणजे पट्टाभिषेक.

‘गादी’ मात्र सर्वांत खाली उतरलेला शब्द. महाराजांची गादी, मठाची गादी आणि मोंढ्यातल्या, म्हणजे धान्यबाजारातल्या, आडत्याचीही गादी. पांढरी खोळ, मागे लोड, पुढ्यात वह्यांची उतरती पेटी. तिथे आता संगणक आला, तरी धाकट्याने धंदा हाती घेतला की ‘पोरगं गादीवर बसलं’ असेच म्हणतात, भले ते फिरत्या खुर्चीवर बसलेले असो.