बाहेर ४५, तेलात किती?

नवतपा, म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस, लागला की नागपुरात जुन्या फोक्सवॅगन बीटलचे मालक भल्या पहाटे फुटाळा तलावाला चक्कर मारतात आणि ऊन चढायच्या आत गाडी कव्हरखाली ढकलतात. त्यांची ही भीती अनाठायी नाही.

साध्या गाडीत इंजिनाभोवती पाणी खेळतं. थर्मोस्टॅट ते ९० अंशांच्या आसपास धरून ठेवतो, मग बाहेर डिसेंबर असो की मे. बीटलमध्ये पाणीच नाही. सिलिंडरच्या फिन्सवरून, म्हणजे बाहेरच्या पातळ धातूच्या पट्ट्यांवरून, पंखा हवा ढकलतो आणि आतली बरीच उष्णता इंजिनातलं तेल उचलून नेतं. तेही जेमतेम अडीच लिटर. गरम वस्तू हवेला किती उष्णता देते, हे दोघांच्या तापमानातल्या फरकावर ठरतं. समजा, बाहेर २५ असताना हायवेवर तेल १०० वर स्थिरावलं, म्हणजे फरक ७५ चा. इंजिन तेवढीच उष्णता तयार करत असेल, तर बाहेर ४५ झाल्यावरही फरक तेवढाच लागणार. म्हणजे तेल जवळपास १२० वर! त्यात तापलेली हवा विरळ असते. २५ च्या तुलनेत ४५ ला तिची घनता सुमारे ६ टक्के कमी, म्हणून पंखा तितकाच फिरला तरी थंड करणारी हवा वजनाने कमीच मिळते.

साधारण ८० ते ११० अंश हा तेलाचा सुखाचा टप्पा. त्यापुढे तापलेल्या कढईतल्या तेलासारखं ते पातळ होऊन पळायला लागतं आणि बेअरिंगमधला थर टिकत नाही. शिवाय दर १० अंशांमागे तेल खराब होण्याचा वेग ढोबळमानाने दुप्पट होतो.

गंमत म्हणजे, बीटलला कंपनीने तेलाच्या तापमानाचं मीटर दिलंच नव्हतं. डॅशबोर्डवर असतो तो ऑइल प्रेशरचा दिवा, आणि तो पेटतो तेव्हा दाब जवळपास संपलेला असतो. म्हणून वेगळं मीटर बसवायचं. त्याचा सेन्सर बहुधा संपमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाशी तेल साठतं त्या भागात, जातो. तापमान वाढलं की त्याचा विद्युत रोध घटतो आणि काटा वर सरकतो. इथे एक खोच आहे. अनेक सेन्सरना अर्थिंग त्यांच्या आट्यांमधूनच मिळतं. गळती नको म्हणून मिस्त्रीने त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळली, तर अर्थिंग कच्चं होतं, रोध वाढतो आणि मीटर तेल ‘थंड’ दाखवतं. जास्त दाखवणारं मीटर परवडलं, पण हे नाही. बसवण्याआधी सेन्सरला मीटर जोडून, अर्थिंगची वायर लावून, त्याचं टोक उकळत्या पाण्यात बुडवून बघावं. नागपूर समुद्रसपाटीपासून ३०० मीटरच्या वर आहे, त्यामुळे काटा ९९ च्या आसपास थांबायला हवा.

व्हरायटी चौकातल्या सिग्नलला गाडी सर्वांत जास्त तापते, असं बहुतेकांना वाटतं. दिवा लुकलुकतो तो तिथेच, हे खरं. पण तो आयडलिंगला, म्हणजे गाडी उभी असून इंजिन संथ फिरत असताना, तेलाचा दाब पडल्यामुळे. तेल खरं तापतं ते वर्धा रोडवर तासभर गाडी दामटल्यावर. त्याहून वाईट म्हणजे पुलाच्या चढावर चौथ्या गिअरमध्ये रेटणं. इंजिनावर भार पूर्ण, पण ते फिरतं हळू, आणि पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर असल्याने तोही संथ. सरळ तिसरा टाकावा.

मोठा संप लावला की प्रश्न सुटला, असंही सांगतात. तेल वाढलं की ते तापायला वेळ लागतो, एवढंच मुख्यतः घडतं. लांबच्या प्रवासात काटा जवळपास तिथेच पोचतो. त्या खर्चाआधी मागचं झाकण उघडून इंजिनाच्या कडेचं रबर तपासा. ते फाटलं असेल, तर खालची तापलेली हवा पंखा पुन्हा वर ओढतो. हे रबर स्वस्त आहे, म्हणूनच बहुधा त्याच्याकडे कुणी बघत नाही.

हिवाळ्यात उलटी तऱ्हा. शहरातल्याच सदर भागात जाऊन आलं, एवढ्यात तेल ८० ला पोचतही नाही. ज्वलनातून आलेली पाण्याची वाफ तेलातच राहते आणि तेल भरायच्या झाकणाखाली पांढरट, चिकट थर धरतो. अशी गाडी अधूनमधून शहराबाहेर बुटीबोरीपर्यंत नेऊन नीट तापवून आणावी.