जड काशाची नाणी आणि २११ ची रेघ

रोम आणि इटलीतल्या इतर गावांनी इ.स.पू. तिसऱ्या शतकात ओतलेली काशाची जाडजूड नाणी गोळा करायची तर पूर्वी दोन गोष्टी पुरत: खिशात पैसा आणि हाताशी तराजू. आता कागदही लागतो. नाणं इटलीबाहेर कधी पडलं, आधी कोणाकडे होतं, कोणत्या सालच्या छापील यादीत त्याचं चित्र आहे, याचा पुरावा नसेल तर ते अमेरिकेत नेता येत नाही. मोठं गिऱ्हाईक तिकडचं, त्यामुळे युरोपातला विक्रेतासुद्धा हल्ली वजनाच्या आधी नाण्याची वंशावळ सांगतो. ही पाळी कशी आली ते पुढे.

या नाण्यांना ‘एस ग्रावे’ म्हणतात. ‘ग्रावे’ म्हणजे जड. ‘एस’ला मात्र मराठीत एक शब्द नाही, कारण तांबं, पितळ आणि कासं आपण वेगवेगळे ओळखतो आणि लॅटिनमध्ये तांबं काय, कासं काय, दोन्ही ‘एस’च. शिवाय या नाण्यांच्या धातूत तांबं-कथलाबरोबर शिसं भरपूर असतं. आपला कासार त्याची वाटी करायला तयार होणार नाही. तरी इथे ‘कासं’ म्हणू.

नाण्यांच्या आधी नुसता धातूच चालायचा. ओबडधोबड तुकडे, फोडलेल्या वड्या, तराजूत टाकून मोजायच्या. लॅटिनमध्ये ‘पैसे देणे’ आणि ‘वजन करणे’ यांना एकच क्रियापद आहे, ते यामुळेच. घर किंवा गुलाम विकताना पाच साक्षीदारांबरोबर तराजू धरणारा माणूस उभा करायची रीत नाणी आल्यावरही कितीतरी पिढ्या टिकली. कर्जाला शब्द होता ‘दुसऱ्याचं कासं’. दंड आधी गुरामेंढरांत सांगितला जाई. पाचव्या शतकात त्याचं रूपांतर धातूत झालं: बैलाला १०० पौंड, मेंढीला १०. इ.स.पू. ४०६ च्या सुमारास सैनिकांना पगार सुरू झाला, तेव्हा काही श्रीमंत मंडळींनी आपला वाटा गाड्यांत भरून खजिन्यात नेला, आणि तो देखावाही चांगलाच झाला, असं रोमचा एक इतिहासकार लिहून गेला आहे. ‘एस ग्रावे’ हे शब्द त्याच वाक्यात आहेत. म्हणजे हे नाव मुळात नाण्याचं नाही, गाडीभर धातूचं आहे. नाण्यांना ते नंतरच्या अभ्यासकांनी चिकटवलं.

लगडींच्या नावाचा घोळ याहून मोठा. साधारण दीड किलोच्या, दोन्ही अंगांना चित्र असलेल्या काशाच्या चौकोनी लगडींना सगळे ‘एस सिग्नातुम’, म्हणजे छाप असलेलं कासं, म्हणतात. लॅटिनमध्ये हा शब्द कोणत्याही छापाच्या पैशाला चालतो, लगडींना खास असा नाही. प्लिनी या रोमन लेखकाने लिहिलं की रोमचा जुना राजा सर्वियस तुलियस याने काशावर पहिल्यांदा गुराढोरांचा छाप मारला. मग बैलाचं चित्र असलेली लगड दिसली की ती त्या राजाची, म्हणजे सहाव्या शतकातली, असं मानण्याचा मोह लोकांना कितीतरी काळ झाला. प्रत्यक्षात चित्रांच्या लगडी तिसऱ्या शतकातल्या. एकीवर एका बाजूला हत्ती आणि दुसऱ्या बाजूला डुकरीण आहे. पिऱ्हस हा ग्रीक राजा हत्ती घेऊन इटलीत उतरला इ.स.पू. २८० मध्ये आणि डुकरांच्या किंचाळण्याने ते हत्ती बिथरल्याची गोष्ट पुढे लिहिली गेली. ते हत्ती आपल्याकडच्या जातीचे होते. सहाव्या शतकातल्या खऱ्या जुन्या लगडी वेगळ्याच: त्यांवर वाळक्या फांदीसारखी नक्षी, धातूत लोखंडाचं प्रमाण बरंच. त्या रोमच्याही नव्हेत, उत्तरेकडच्या. बाजारात आणि कायद्यात मात्र या दोन्ही तऱ्हा बहुतेक वेळा एकाच ओळीत बसतात.

गोल नाणी इ.स.पू. २८० च्या आसपास सुरू झाली. रोमन पौंड सुमारे ३२४ ग्रॅमचा, त्याचे बारा भाग. पूर्ण पौंडाचं नाणं ‘अस’, त्याखाली अर्धा, तिसरा, चौथा, सहावा आणि बारावा भाग. पहिल्याच मालिकेतला तिसरा भाग हातात घेतला तर एका बाजूला इंद्राच्या वज्रासारखी वीज, दुसऱ्या बाजूला डॉल्फिन, दोन्हीकडे चार टिंबं. अक्षर एकही नाही. टिंबं मोजली की किंमत कळते. कडेला दोन बाजूंना तुटके खुंट, कारण दोन झापांच्या, म्हणजे दोन अर्ध्या भागांच्या, साच्यात अशी बरीच नाणी एका नळीने जोडून ओतत आणि मग छिन्नीने तोडत. झाप नीट बसला नाही तर वरची बाजू खालच्यापासून सरकलेली दिसते. हात लावल्यावर पहिल्यांदा जाणवतं ते वजन. ढब्बू पैसा ज्यांनी हाताळला असेल त्यांनी तो बोटभर जाड झाला अशी कल्पना करावी.

रोमचीच मक्तेदारी नव्हती. रोमच्या उत्तरेकडे एट्रुरियात, म्हणजे एट्रुस्कन लोकांच्या मुलखात, व्होल्टेराने आपलं नाव ‘वेलाथ्री’ असं घालून टोपीवाल्या दोन तोंडांची नाणी ओतली, उंब्रियात तुदेर आणि इगुवियम यांनी आपापली. एड्रियाटिककडची गावं तर पौंडाचे बाराऐवजी दहा भाग करत, म्हणून तिकडच्या अर्ध्या नाण्यावर पाच टिंबं दिसतात. त्यांचा पौंड रोमच्या पौंडापेक्षा जडही होता. हात्रियाच्या असवर समोरून बघणारा दाढीवाला सिलेनस, म्हणजे मद्यदेवाचा सोबती, आणि मागे अंग मुडपून झोपलेलं कुत्रं आहे. मला विचाराल तर या सगळ्या धंद्यातलं सगळ्यात गोड चित्र ते.

इ.स.पू. २२५ च्या सुमारास रोमने सगळ्या किमतींना एकच मागची बाजू ठरवली, जहाजाचं नाळ, म्हणजे पुढचं टोक. असच्या पुढच्या बाजूवर दोन तोंडांचा जानुस देव. पोरं नाणं उडवताना ‘डोकी की जहाज’ ओरडत, आपल्या छापा-काट्यासारखं, आणि हा शब्दप्रयोग नाणी बदलली तरी टिकला. अस तेव्हा पावणेतीनशे ग्रॅमपर्यंत उतरला होता. २१७ मध्ये त्रासिमेनच्या तळ्यावर कार्थेजचा सेनापती हनिबल याने रोमचं सैन्य कापून काढलं आणि त्याच सुमारास असचं वजन निम्म्यावर आलं. पुढच्या पाच-सहा वर्षांत ते आणखी घसरत गेलं. इतकं हलकं नाणं ओतत बसण्यात अर्थ नाही, हातोड्याने ठोकणं सोपं. दिनारियस हे चांदीचं नाणं आलं तेव्हा तो दहा असचा होता आणि अस पौंडाच्या बारातल्या दोन भागांवर, म्हणजे सुमारे ५४ ग्रॅमवर येऊन ठोकला जात होता. ओतीव नाण्यांचा काळ तिथे संपला.

हा बदल कोणत्या साली झाला यावर पुढचा सगळा खटाटोप उभा आहे. प्लिनी सांगतो की रोममध्ये चांदीचं नाणं इ.स.पू. २६९ मध्ये आलं. एकोणिसाव्या शतकातल्या अभ्यासकांनी ते दिनारियसचं साल धरलं. १९३२ मध्ये दोन ब्रिटिश अभ्यासकांनी ते ओढून १८७ वर आणलं आणि बरीच वर्षं तेच चाललं. मग १९५५ पासून सिसिलीतल्या मोर्गान्तिनाचं उत्खनन झालं. हे शहर रोमने इ.स.पू. २११ मध्ये लुटलं होतं, आणि लुटीच्या थरात नव्या पद्धतीची चांदीची नाणी सापडली. आज सगळे २११ म्हणतात.

आता १९ जानेवारी २०११. इटली आणि अमेरिका यांच्यात प्राचीन वस्तूंच्या आयातीचा करार २००१ पासून होता, त्यात नाणी नव्हती. २००७ मध्ये अमेरिकेत सायप्रसच्या नाण्यांना बंदी लागली. त्यानंतर चार वर्षांनी इटलीची यादी वाढली आणि धातूचे तुकडे, लगडी, ओतीव नाणी अशा स्वतंत्र नोंदी तिच्यात आल्या. ठोकलेल्या नाण्यांच्या नोंदीत रोमची आणि एट्रुस्कन गावांची नाणी सुमारे इ.स.पू. २११ पर्यंत घेतली. त्या तारखेनंतर अमेरिकेत येणाऱ्या अशा नाण्याला इटलीचा निर्यात परवाना हवा, नाहीतर ते आधीच इटलीबाहेर होतं याचा पुरावा.

रेघ २११ वरच का? यामागचं तर्कशास्त्र समजतं. दिनारियस भूमध्य समुद्राच्या चारी बाजूंना सापडतो, तो इटलीतून निघाला असं म्हणता येत नाही. त्याआधीची नाणी मात्र बहुतेक इटलीतच फिरली. पण मग गंमत बघा. २१७ चा ओतीव अस आणि २११ नंतरचा ठोकलेला अस, दोन्हींवर तोच जानुस आणि तेच नाळ. पहिला जाड आणि यादीत, दुसरा पातळ आणि मोकळा. शिवाय ही रेघ अभ्यासकांनी दोनदा हलवलेल्या सालावर बसवली आहे. हीच यादी १९११ मध्ये लिहिली असती तर रेघ २६९ वर पडली असती, १९३५ मध्ये १८७ वर. सरकारी अधिसूचनेत ‘सुमारे’ हा शब्द आहे, पण कस्टमच्या काउंटरवर ‘सुमारे’ चालत नाही.

पुरातत्त्ववाल्यांची बाजू खोटी नाही. धातुशोधक यंत्र घेऊन रात्री शेतं उकरणाऱ्यांनी मध्य इटलीत मोठं नुकसान केलं आहे. थराशिवाय निघालेलं नाणं किती मुकं असतं ते व्हिकारेल्लोवरून समजतं. रोमच्या उत्तरेला ब्राच्यानो तळ्याजवळ गरम झऱ्याची कुंडी १८५२ मध्ये साफ करताना वर बादशाही काळाची नाणी, खाली प्रजासत्ताकाची, त्याखाली ओतीव जड नाणी आणि तळाशी नुसते धातूचे तुकडे निघाले. देवाला पैसा वाहायची शेकडो वर्षांची रीत एकाच भोकात रचून ठेवलेली. अशी नाणी वाचली कारण ती पाण्यात गेली होती. व्यवहारात राहिली ती पुढे बहुतेक वितळली.

संग्राहकाला खटकतं ते दुसरं. इटलीत जमिनीतलं सगळं सरकारचं हा नियम १९०९ पासून आहे. पण त्याआधी दोन-तीनशे वर्षं ही नाणी उघड उघड युरोपभर विकली जात होती आणि त्यांच्याबरोबर कोणी पावती लिहून दिली नव्हती. १८३० मध्ये विकलेल्या नाण्याला २०११ चा कागद मागायचा, हे आपल्याकडच्या आजोबांच्या जमिनीला आजचा सातबारा मागण्यासारखं आहे. आपल्याकडे १८७८ च्या कायद्याने दहा रुपयांवरचं गुप्तधन कलेक्टरला कळवावं लागतं, पण तो कायदा सापडणाऱ्याला बांधतो, शंभर वर्षांनी विकत घेणाऱ्याला नव्हे. सायप्रस आणि चीनच्या नाण्यांच्या बंदीविरुद्ध संग्राहकांची एक संघटना अमेरिकेच्या कोर्टात गेली आणि हरली. इटलीच्या कराराला २०१६ आणि २०२१ मध्ये मुदतवाढ मिळाली.

या नियमाने एक जुनं पुस्तक मात्र महाग झालं. रोममधल्या एका धर्मसंघाने १८३९ मध्ये आपल्या संग्रहातली जड नाणी चित्रांसह छापली होती. १९१० मध्ये फ्रांकफुर्टच्या एका वकिलाने त्याहून मोठं काम केलं: युरोपभरच्या संग्रहांत सापडतील तेवढी नाणी एकेक करून तोलली आणि फोटोंसह छापली. त्याची कालगणना पार चुकली, त्याने या नाण्यांची सुरुवात चौथ्या शतकात मागे नेली. पण ओतीव नाणं प्रत्येक निराळं असतं. खुंट कुठे तुटला, हवेचा बुडबुडा कुठे फुटला, झाप किती सरकला, हे दुसऱ्या नाण्याशी जुळत नाही. बनावटगिरीही इथे ओतूनच होते, त्यामुळे ‘हे ठोकलेलं नाही, ओतलेलं आहे’ ही नेहमीची परीक्षा निकामी ठरते. म्हणून आज विक्रेता भिंग घेऊन त्या वकिलाच्या पानांवर आपल्या नाण्याचे खड्डे शोधत बसतो. सापडले तर नाणं बहुधा खरं, आणि १९१० मध्ये ते कोणाच्या संग्रहात होतं तेही छापलेलं. वकिलाने दिलेलं वजन आणि आजचं वजन यांत अर्ध्या-एक ग्रॅमचा फरक पडतो, मधल्या काळात कोणीतरी हिरवा गंज खरवडलेला असतो.